उजव्या पायडलचा वाकलेला दांडा

जुनी सायकल विकत घेताना लोक रंग पाहतात, घंटी वाजवतात आणि सीटवर थाप मारतात. या तिन्ही गोष्टींवरून सायकलीविषयी काहीही कळत नाही. सायकलीचे खरे चरित्र तिच्या पायडलांत लिहिलेले असते. ते वाचायला मी छत्तीस वर्षे शिकलो, आणि शिकणे पुरे झाले असे आजही म्हणवत नाही.

मुळात मी शिक्षक. नॉर्मल स्कूलची परीक्षा देऊन पाच वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. पुढे घशाचा विकार जडला, आवाज बसला तो कायमचा. ज्याचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही त्याने वर्गावर उभे राहू नये, हे कोणी सांगण्याआधी मलाच उमगले. पांढुर्ण्याला मामांचे सायकलचे दुकान होते. ते म्हणाले, "ये इकडे. सायकलीले मोठ्यानं सांगा नाही लागत." अशा रीतीने मी खडू सोडून पाना धरला. फळा मात्र सोडला नाही. दुकानाच्या भिंतीवर मी एक फळा टांगला. आलेल्या सायकलीत कोणता भाग झिजला, कोणता बदलायचा, कोणता अजून वर्षभर चालेल, हे त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहीत असे. लोक मला मिस्त्री कधी म्हणाले नाहीत. गुरुजीच म्हणत राहिले.

या धंद्यातला पहिला धडा मी चूक करून शिकलो. स्वातंत्र्य मिळाले त्या ऑगस्टातली गोष्ट. गावातल्या प्रत्येकाला आपली सायकल मिरवणुकीसाठी दुरुस्त करून हवी होती. हँडलला झेंडा बांधायचा, मग खालचे पायडल लोंबकळत कसे चालेल? एका सायकलीचे डावे पायडल मी बसवायला घेतले. आटे धरेनात. मी जोर लावला, आणखी लावला, आणि क्रँकच्या भोकातले आटे साफ खाऊन टाकले. क्रँक म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल बसते तो लोखंडी हात. मामा शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, "भाचेबुवा, जग सुल्टं फिरते, पन डावं पायडल उल्टं फिरवा लागते."

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे तेव्हा मला समजले. उजवे पायडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होते, डावे त्याच्या उलट. दोन्हींचे आटे सारखे असते तर डावे पायडल चालता चालता आपोआप सैल होऊन गळून पडले असते. आटे उलटे आहेत म्हणून स्वाराचा प्रवासच त्याला जागेवर ठेवतो. त्या दिवशी गावात जयजयकार चालला होता आणि मी एक निकामी क्रँक मांडीवर घेऊन, हे ज्याने योजले त्या अज्ञात माणसापुढे मनोमन हात जोडून बसलो होतो. इतकी मोठी बुद्धी इतक्या लहान जागी ठेवलेली मी तोवर पाहिली नव्हती.

पुढे मी सौंसरला स्वतःचे दुकान टाकले, आणि मामांची एक रीत सोबत नेली. जो भाग बदलला तो फेकायचा नाही, ग्राहकाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचे, "बोट फिरवून पाहा." माणसाच्या बोटाला झीज कळली की त्याचा दुकानदारावर विश्वास बसतो, आणि सायकलीवर मायाही बसते.

पायडल वाचायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे सगळे डावीकडून सायकलवर चढतात. डावा पाय डाव्या पायडलवर ठेवायचा, उजव्या पायाने जमिनीला दोनचार रेटे द्यायचे, आणि वेग आला की उजवी टांग मागून पलीकडे टाकायची. त्या क्षणी माणसाचे सगळे वजन एकट्या डाव्या पायडलवर असते. त्यामुळे पायडलच्या पोटातला दांडा वाकतो तो डावीकडचा. उजवीकडचा वर्षानुवर्षे सरळ राहतो. डावा दांडा किती वाकला यावरून सायकल किती चालली आणि स्वार किती वजनाचा, हे मी सांगू शकत असे. एक कापसाचे व्यापारी आपली सायकल विकायला घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, फक्त रविवारी मंदिरात न्यायची जी, बाकी घरीच उभी." मी डावे पायडल बोटाने फिरवले. ते घिरट्या घालणाऱ्या घारीसारखे डोलत फिरले. मी म्हणालो, "शेठजी, मंदिर फार लांब दिसते." ते हसले आणि त्यांनी किंमत उतरवली.

उजवा दांडा वाकत नाही, हे मी ग्राहकांना नियम म्हणून शिकवत होतो. ज्याने तो नियम मोडला त्याची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

राज्यांची फेररचना झाली ते वर्ष. नागपूर पलीकडच्या राज्यात गेले, आम्ही अलीकडे राहिलो. कचेऱ्यांमधले कितीतरी लोक बदली होऊन गेले, आणि जाताना सायकली विकून गेले. नागपूरहून येणारे बेअरिंगचे छर्रे आणि ट्यूबा मात्र पूर्वीच्याच छोट्या रेल्वेगाडीने येत राहिल्या. त्या दिवसांत माझ्या दुकानासमोर जुन्या सायकलींचा बाजारच भरलेला असे.

एके सकाळी तशीच एक जुनी सायकल हाताने ढकलत श्रावण आला. श्रावण रामाकोन्याच्या स्टेशनावर टपालाची थैली उतरवून घेई आणि आसपासच्या खेड्यांत पायी वाटत असे. लहानपणी तो बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली, सापडला होता. तेव्हापासून त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड आणि अशक्त होता. तरीही तो चाले, आणि भराभर चाले. त्याच्यासोबत त्याची बायको यमुना होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "आठ दिवसांत ही सायकल मले चालवता आली पायजे."

"आठ दिवसांत का?"

"माह्या वाटणीत आनखी दोन गावं आली. सकाळच्या गाडीची थैली घ्याची, साऱ्या गावांत टपाल द्याचं, अन् परतीच्या गाडीच्या आधी स्टेशनावर हजर. पायी जमत नाही. तपासनीस साहेब येनार हायेत, सोताच्या सायकलनं मांगं मांगं फिरनार. जमलं त काम माहं. नाही जमलं त दुसऱ्याले देतील."

यमुना म्हणाली, "याईले म्या सांगतलं, शेजारच्या पोट्ट्याले धाडा सायकलवर, तुमी स्टेशनात बसा. त म्हंते कसे, टपाल का शेजाऱ्याच्या हातानं देत असते?"

"मंग? देत असते का?" श्रावण म्हणाला.

मी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली आणि तपासणी सुरू केली. माझा क्रम ठरलेला असे. आधी चेन. पुढच्या मोठ्या चक्रावरची चेन बोटाने ओढून पाहायची. ती दात्यापासून इतकी उचलली गेली की मधून उजेड दिसला, तर चेन संपली. मग फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र. चेन नवी आणि फ्रीव्हील जुने ठेवले तर चेन झिजलेल्या दात्यांवरून उड्या मारते, म्हणून ही दोन्ही बहुधा एकत्रच बदलावी. मग कॉटर, म्हणजे क्रँकला मधल्या दांड्याशी जखडून ठेवणारी छोटी पाचर. ती झिजली की प्रत्येक फेऱ्यात पायाला एक धक्का बसतो आणि स्वाराला वाटते, आपलेच गुडघे गेले. मग छर्रे, ब्रेकचे रबर, आणि सर्वांत शेवटी पायडल.

मी फळ्यावर लिहीत गेलो. चेन: बदलणे. फ्रीव्हील: बदलणे. कॉटर, दोन्ही: बदलणे. छर्रे: धुऊन पुन्हा घालणे. डाव्या पायडलशी येऊन थांबलो. श्रावणला सीटवर बसवले, दोन्ही बाजूंनी धरले. उजवा पाय नीट पोचत होता. डावे पायडल खाली गेले की त्याचा पाय हवेत राही.

त्यावर मी एक उपाय केला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. बाभळीच्या लाकडाचे दोन ठोकळे करून डाव्या पायडलच्या दोन्ही अंगांना आवळले. एकाच अंगाला लावला असता तर जड बाजू खाली फिरून ठोकळा जमिनीकडे लोंबला असता. दोन्हीकडे लावल्याने कोणतेही अंग वर आले तरी पाय टेकणार होता. तर्क बिनचूक होता. आम्ही बाजाराच्या मोकळ्या पटांगणात गेलो. यमुनाने मागून कॅरिअर धरले. मी माझ्या घोगऱ्या आवाजात शिकवू लागलो: "डावा पाय पायडलवर. आता वजन त्या पायावर द्या. ढकला. टांग टाका."

त्याने डाव्या पायावर वजन दिले आणि तो पाय दुमडला. तो पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. अकरा वेळा पडल्यावर मी मोजणे सोडले. एकदा आम्ही दोघांनी धरून त्याला सीटवर चढवले, तेव्हा तो चांगली शंभर पावले गेला. तिथे संत्र्याच्या बंड्यांनी खोल चाकोरी पाडलेली होती. तिच्या काठाला खालचा ठोकळा आपटला आणि सायकल आडवी झाली.

यमुना धावत गेली. त्याचे कोपर फुटले होते. ती पदराने रक्त पुसत म्हणाली, "झालं? पोचलं टपाल?"

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो आणि फळ्यावर त्या यादीच्या शेवटी लिहिले: डावे पायडल: उपाय नाही. मला ते फार जड गेले. पण चुकीची आशा लावू नये, हे मी शाळेत शिकलो होतो. श्रावण आला, त्याने फळा वाचला. वाचणे हे तर त्याचे कामच होते. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला.

"उपाय नाही म्हंता गुरुजी?"

"डाव्या पायावर उभे राहता येत नाही, तर चढणार कसे?"

त्याने सायकलीच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाला, "बंडीवर मी रोज चढतो."

"कसे?"

"उजवीकून. चांगल्या पायानं. सायकलवर डावीकूनच चढा असं कुठं लिवून हाय?"

कुठेही लिहिलेले नव्हते. मी लहानपणी डावीकडून चढलो, मामा डावीकडून चढत, सारे गाव डावीकडून चढे. उजवीकडे चेन असते, धोतर अडकते, यापलीकडे त्याला काही कारणही नव्हते. नऊ वर्षे मी सायकल शिकवत होतो आणि ज्याला कायदा समजत होतो ती नुसती सवय होती.

श्रावणने सायकल बाहेर घेतली. तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला. उजवा पाय उजव्या पायडलवर ठेवला. अशक्त डाव्या पायाने जमिनीला एकदा, दोनदा, तीनदा नुसता स्पर्श केल्यासारखे ढकलले. मग सगळे वजन उजव्या पायावर घेऊन त्याने आपला आखूड पाय सीटवरून पलीकडे टाकला. पाच पावलांवर त्याचे धोतर चेनमध्ये गेले आणि तो पुन्हा पडला. पण या वेळी पडल्या पडल्या हसत होता.

"धोतराचं काय ते मी पाहतो," यमुना म्हणाली. "आजच हाफपँट शिवून आनतो. लय दिवसाची हौस होती मले, तुमाले पोट्ट्यावानी पाहाची."

उरला होता तो ठोकळ्यांचा प्रश्न. श्रावण पायरीवर बसून कोपर चोळत होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी माहा पाय लांब करून राहिले. पाय नाही होत लांब. पायडलच जवळ आना ना."

हे ऐकून मी उठलो आणि थेट दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे भाड्याने द्यायची एक लहान सायकल उभी होती. तिचा क्रँक पाच इंची, मोठीचा साडेसहा. पायडल जवळ आणायचे म्हणजे क्रँक आखूड करायचा, आणि आखूड क्रँक तीन दिवस माझ्या पाठीमागे उभा होता! मधल्या दांड्याची जाडी सारखीच निघाली, हे आमचे भाग्य. लहान सायकलीचा डावा क्रँक काढून मी श्रावणच्या सायकलीला लावला, सीट थोडी उतरवली, उरलेले अंतर जाड रबराच्या पायडलने भरून काढले.

पायडल निवडण्याविषयी इथे सांगायला हवे. रबराचे पायडल तळव्याला मऊ असते, पण काळ्या मातीचा चिखल लागला की साबणासारखे निसटते. लोखंडी दातेरी पायडल अनवाणी पायाला बोचते, पण वहाणेखाली घट्ट धरते. पायडले जोडीनेच लावावीत, जोडी मोडू नये, असा धंद्याचा दंडक आहे. मी तो मोडला. उजवीकडे, जिथे त्याला सगळ्या वजनानिशी उभे राहायचे होते, तिथे लोखंडी दातेरी लावले. डावीकडे, जिथे अशक्त पाय नुसता सोबतीला येणार होता, तिथे रबरी. चेनवर पत्र्याचे पूर्ण झाकण घातले.

त्या संध्याकाळी पटांगणात श्रावणने पहिला पूर्ण फेरा मारला. वर्गात मी फळ्यावर दोरी आणि खडूने एककेंद्री वर्तुळे काढून दाखवीत असे: केंद्र एक, त्रिज्या दोन. मुले ती वहीत काढत आणि विसरून जात. खरे तर मीही ती केवळ आकृती म्हणूनच ओळखत होतो. आता ती माझ्यासमोर चालत होती. उजवा पाय मोठे वर्तुळ काढत होता, डावा लहान, आणि दोघेही आपापला फेरा नेमका एकाच क्षणी पूर्ण करत होते. कोणी मागे राहत नव्हते. मी इतका पाहत राहिलो की यमुनाने विचारले, "गुरुजी, बरं नाही का तुमाले?"

तपासणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवले आणि पहाटेच्या गाडीने रामाकोन्याला गेलो. तपासनीस साहेब उंच, काटेकोर गृहस्थ होते. श्रावणने थैली कॅरिअरला बांधली आणि तो उजवीकडे जाऊन उभा राहिला.

"अहो, ही कोणती बाजू?" साहेब म्हणाले. "उलटे चढता तुम्ही."

"हो जी साहेब," श्रावण म्हणाला. "टपाल सुल्टं पोचते."

दोघे गेले. मी आणि यमुना स्टेशनाच्या बाकावर बसलो. तिने भाकरी सोडली, माझ्यापुढे ठेवली, आणि स्वतः एक घासही खाल्ला नाही. ऊन वर चढले, मग कलू लागले. परतीच्या गाडीची घंटा झाली. गाडीचा धूर दूरवर दिसू लागला तेव्हा यमुना उभी राहिली. मी रस्त्याकडे पाहायचे टाळून तिच्याकडे पाहत होतो. म्हणून श्रावण आला हे मला आधी तिच्या चेहऱ्यावर दिसले. तो एकटाच येत होता, धुळीने माखलेला, एकसारख्या लयीत. थैली गाडीत चढली. साहेब त्यानंतर काही वेळाने सायकल हाताने ढकलत आले. घाम पुसत त्यांनी श्रावणच्या सायकलीभोवती एक फेरी मारली. दोन वेगळी पायडले आणि दोन लांबींचे क्रँक पाहिले, आणि मला विचारले, "हे कोणी केले?"

"बसवले मी," मी म्हणालो. "शोधले याने."

श्रावणचे काम त्याच्याकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. फळ्यावर ते वाक्य तसेच होते. मी पुसायला फडके उचलले, तसा तो म्हणाला, "थांबा जी. शाळेत पोट्ट्यानं चुकीचं लिवलं त तुमी काय कराले लावत होते?"

"बरोबर उत्तर दहा वेळा लिहायला."

तो समोरच्या बाकावर मांडी घालून बसला. मी खडू घेतला आणि फळ्यावर दहा वेळा लिहिले: सायकलवर उजवीकडूनही चढता येते. त्याने दहाही ओळी मोजून घेतल्या. सातव्या ओळीतला एक काना सुटला होता, तोही दाखवला.

त्याआधीच्या नऊ वर्षांत "तुम्हाला जमणार नाही" असे सांगून मी किती माणसांना दारातून परत पाठवले असेल, याचा विचार त्या रात्रीपासून माझ्या मनातून गेला नाही. त्यातल्या दोघातिघांचे चेहरे अजून आठवतात. एकाला तर मी सायकलऐवजी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घ्यायचा सल्ला दिला होता. ती माणसे मी पुढे शोधली, पण सापडली नाहीत.

श्रावण निवृत्त होईपर्यंत त्याच सायकलीवर टपाल वाटत राहिला. मधल्या काळात तिचे जवळजवळ सगळे भाग बदलले गेले, आणि प्रत्येक झिजलेला भाग रीतीप्रमाणे मी त्याच्या तळहातावर ठेवला. निवृत्तीनंतर तो अखेरची दुरुस्ती करून घ्यायला आला. मी उजवे पायडल खोलले. आतला दांडा धनुष्यासारखा वाकला होता. डावा उघडला, तो नव्यासारखा सरळ होता. उभ्या आयुष्यात अशी सायकल मी दुसरी पाहिली नाही.

तो वाकलेला दांडा मी त्याच्या हातावर ठेवला. त्याने बोट फिरवून पाहिले आणि माझ्या हातात परत दिला.

"हा तुमी ठेवा, गुरुजी," तो म्हणाला. "नव्या कोन्या मानसाले उपाय नाही म्हनाले जासान, त आंधी याच्यावरून बोट फिरवजा."

दुकान बंद करून आता बरीच वर्षे झाली. दांडा माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असतो. हा लेख लिहिताना प्रत्येक पानानंतर मी त्याच्यावरून एकदा बोट फिरवले आहे.